खेळतं भांडवल म्हणजे नेमकं काय? ते कशासाठी वापरतात?

व्याख्या एका ओळीची: चालू मालमत्तेतून (रोकड, माल, येणं, म्हणजे वर्षभरात पैशात येणारं) चालू देणी (वर्षभरात फेडायची) वजा करा, उरेल ते खेळतं भांडवल. पण हा शब्द ऐकला की मला आमच्या छपाईच्या धंद्यातलं ते मशीन आठवतं.

मी आणि मेहुणा भागीदार. खोकी छापून द्यायचो. कागद आल्यापासून माल गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंत 45 दिवस, पैसे मिळणार त्यानंतर 60 दिवसांनी आणि कागदवाल्याची उधारी फक्त 15 दिवसांची. 45 अधिक 60 वजा 15, म्हणजे 90 दिवस आपलेच पैसे अडकलेले. तेवढे दिवस कागद, पगार, वीज, भाडं ज्यातून निघतं ते खेळतं भांडवल. उपयोग विचाराल तर हाच.

एका वर्षी बँकेत शिल्लक बरी दिसली. मेहुण्याने ती सगळी घालून कटिंगचं नवं मशीन घेतलं, रोखीत. मी म्हटलं, ही शिल्लक नव्हे, पुढच्या कागदाचे पैसे आहेत. तर म्हणे, "तू भित्राच. हिशेबात नफा दिसतोय ना?" दिसणारच! मशीनची किंमत खर्चात पडत नाही, मालमत्तेत जाते. खर्चात येतो तो वर्षाचा घसारा, म्हणजे वापराने घटलेल्या किमतीचा त्या वर्षाचा वाटा. नफा जागच्या जागी, गल्ला मात्र रिकामा.

दोन महिन्यांत अशी वेळ आली की ऑर्डरी हातात आणि गोदामात कागदाचं एक रीळ नाही. कागदवाल्याचा माणूस वसुलीला दारात बसलेला, पलीकडे नवंकोरं मशीन प्लास्टिकखाली झाकलेलं. पगार दोन हप्त्यांत केले. शेवटी बिलांवर सूट देऊन गिऱ्हाइकांकडून पैसे लवकर काढले, वर्षाचा बराचसा नफा त्या सुटीतच गेला.

मशीनला मुदत कर्ज काढावं, म्हणजे काही वर्षांत हप्त्यांनी फेडायचं. हे मी तेव्हाही सांगत होतो. मेहुणा अजून म्हणतो, गिऱ्हाइकांनी पैसे थकवले. कुणी थकवले नव्हते हो, 60 दिवस ठरलेलेच होते.

बाकी, खेळत्या भांडवलाचा आकडा मोठा म्हणजे धंदा ठणठणीत, असंही समजू नका. न खपणारा माल आणि गिऱ्हाइकांकडे रखडलेली उधारीसुद्धा चालू मालमत्तेतच मोजली जाते. उलट गिऱ्हाईक रोख देतं आणि पुरवठादार महिन्याने मागतो, अशा मोठ्या किरकोळ विक्रेत्यांचं खेळतं भांडवल उणे असूनही ते मजेत चालतात. मेहुणा नेमकं त्यांचंच उदाहरण द्यायचा. आमच्याकडे रोखीचं गिऱ्हाईक एकही नव्हतं.