घरी ओतलेल्या गोळ्या आणि १०० यार्डांचं टार्गेट

प्रश्न: मी टेक्सासमध्ये असतो, इथला शेजारी शिसं वितळवून स्वतः गोळ्या ओततो आणि .३०-३० रायफलने हरणाच्या शिकारीला जातो. आम्ही रेंजवर टेस्ट केली तर ३ गोळ्यांचा ग्रुप (म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पसारा) एकदा इंचभर आला नि पुढच्याच वेळी चार इंच, मग खरं काय मानायचं?

उत्तर: अहो, ३ गोळ्यांवर काही ठरत नाही, तो निव्वळ योगायोग असतो! निदान ५-५ गोळ्यांचे चार-पाच ग्रुप घ्या, बाकी काही बदलू नका, आणि बाहेर गेलेली गोळी "हात हलला" म्हणून सोडून देऊ नका, सगळे हीच चूक करतात. गोळीची साइझ पण बघा, या रायफलची नळी आतून साधारण .३०८ इंच, ओतलेली गोळी त्याहून हजारांश इंच जाड लागते, सैल असली की मागून गरम गॅस निसटतो, नळीला आतून शिसं चिकटतं आणि ग्रुप पसरत जातो. म्हणून मधेमधे नळी तपासा. गोळ्या वजन करून हलक्या वेगळ्या काढा, आत पोकळी असू शकते. हां, शेजारी कॅलिफोर्नियात शिकारीला जाणार असेल तर तिथे जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळ्या बंद आहेत.