मुलीची चित्रे आणि वडिलांचे केंद्र

प्रश्न : मी 45 वर्षांचा असून पुण्यातील एका आयटी कंपनीत 21 वर्षे नोकरी करत आहे. रोज रात्री नऊला घरी पोचतो. मुलीचे लहानपण मला नीट पाहताच आले नाही. म्हणून नोकरी सोडून वाकडला मुलांसाठी चित्रकला, मातीकाम आणि हस्तकला शिकवणाऱ्या एका ब्रँडची फ्रँचायझी घेण्याचे ठरवले आहे. वयोगट 4 ते 12. कंपनीचे शुल्क 10 लाख, सजावट साधारण 12 लाख. हे पैसे पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून उभे राहतील. कंपनीशी करार पाच वर्षांचा आणि जागेचा 11 महिन्यांचा आहे. कंपनीने दिलेला नफ्याचा तक्ता सोबत जोडला आहे. मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली आहे. शनिवार-रविवारच्या बॅचेस ती घेईल आणि पुढे केंद्र तिनेच सांभाळावे, अशी आमची इच्छा आहे. त्या दृष्टीने तिने अकरावीला कोणती शाखा घ्यावी? शुल्कातील सवलत या महिनाअखेरपर्यंतच असल्याने लवकर कळवावे.

उत्तर : शाखेविषयीचा प्रश्न दोन ओळींत सुटण्यासारखा आहे, तो मी शेवटाकडे घेईन. तुमचे पत्र वाचताना मला काळजी वाटली ती तुमच्या 22 लाखांपेक्षा तुमच्या मुलीची. तिला कोणती श्रेणी मिळाली, ती कोणत्या दिवशी कोणत्या बॅचेस घेईल आणि पुढे काय सांभाळेल, हे सगळे तुम्ही लिहिले आहे. तिला स्वतःला काय करावेसे वाटते, याविषयी मात्र संपूर्ण पत्रात एक शब्दही नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना त्या मुलीच्या कानावर रोज काय पडत असेल, याची कल्पना मी करू शकते. भाड्याच्या जागेची बोलणी, भिंतींचे रंग, कंपनीच्या माणसांचे फोन, आणि या सगळ्याच्या मुळाशी 'बाबा तुझ्यासाठी नोकरी सोडताहेत' हे एक वाक्य. ते ऐकल्यावर पंधरा वर्षांची मुलगी 'मला शनिवारी लहान मुलांना शिकवायचे नाही' असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आपण मुलीवर दबाव टाकतो आहोत, असे तुम्हाला वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही तिला नव्वद टक्क्यांचा धाक घातलेला नाही, डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याचा हट्ट धरलेला नाही, उलट तिच्या आवडीलाच घरात मोठे स्थान देत आहात, असा तुमचा समज असणार. माझ्याकडे येणाऱ्या पालकांमध्ये असे दबाव टाकणारे अलीकडे वाढले आहेत आणि त्यांना समजावणे सर्वांत अवघड जाते. 'मेडिकलच घे' म्हणणाऱ्या बापाशी मुलगी निदान भांडू तरी शकते. जो बाप तिच्या चित्रांचे कौतुक करत करत त्या चित्रांवर पाच वर्षांचा करार करून टाकतो, त्याच्याशी भांडायचे कसे, हे तिला कळत नाही. मग ती गप्प बसते आणि घरचे लोक त्या गप्प बसण्याला होकार समजतात. काही वेळा मुले रंगांची पेटीच बंद करून ठेवतात, आणि आपले चित्रकलेवरचे मन का उडाले, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

आता त्या अ श्रेणीविषयी. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांची कसोटी लागते. त्यात अ श्रेणी मिळणे ही खरोखर मेहनतीची गोष्ट आहे, तिचे मनापासून अभिनंदन करा. परंतु पाच वर्षांची अठरा मुले, त्यांतली दोन रडणारी, एक ब्रश तोंडात घालणारे आणि एक स्वच्छतागृहाचा रस्ता विचारणारे, अशा वर्गात तासभर उभे राहण्याची कुवत आणि इच्छा त्या श्रेणीत मोजली जात नाही. ते काम वेगळे आहे, त्याला वेगळा स्वभाव लागतो, आणि ज्याला तो आहे त्याने त्याचा रीतसर पगार घ्यावा. तुमच्या आखणीत दोन शिक्षिकांच्या पगाराची तरतूद आहे. मुलीच्या बॅचेससमोर मात्र रकमेचा रकाना रिकामा आहे, हे तुमच्या लक्षात आले आहे का?

वेळेचा विषय मला याहून नाजूक वाटतो. मुलीचे लहानपण हुकले, म्हणून तुम्ही 4 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी केंद्र काढत आहात. तुमची मुलगी त्या वयोगटातून तीन वर्षांपूर्वीच बाहेर पडली. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण कोणीतरी हे तुम्हाला सांगायला हवे. शिवाय अशा केंद्रांच्या बॅचेस भरतात त्या शाळा सुटल्यावर, म्हणजे संध्याकाळी चार ते आठ या वेळेत, आणि शनिवारी-रविवारी दिवसभर. तुमची मुलगी कॉलेज किंवा क्लास आटोपून घरी येईल तीही हीच वेळ. आज तुमचा रविवार तरी तुमच्या हातात आहे. एप्रिल-मे समर कॅम्पमध्ये जाईल, गणपतीच्या आधीचे शनिवार-रविवार शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळांमध्ये, दिवाळीची सुट्टी आकाशकंदिलांमध्ये. घरातल्या माणसांना सुट्टी असेल त्या प्रत्येक दिवशी तुमच्याकडे गर्दी असेल, कारण तुमचा व्यवसाय इतरांच्या मोकळ्या वेळेवरच चालणार आहे. 'कुटुंबस्नेही' हा शब्द कंपनीच्या माहितीपत्रकात आहे तो येणाऱ्या कुटुंबांसाठी. चालवणाऱ्याच्या कुटुंबाविषयी त्यात काहीही म्हटलेले नाही.

अशाच एका केंद्रात मी एकदा शनिवारी सकाळी दोन तास बसले होते. चालवणारे गृहस्थ पूर्वी बँकेत अधिकारी होते. त्या दोन तासांत त्यांनी एकाही मुलाबरोबर चित्र काढले नाही. आधी ते फोनवर फीची आठवण करून देत होते. मग एका आईने मुलाच्या पांढऱ्या शर्टावरचा पोस्टर कलरचा डाग दाखवला, तिची समजूत घातली. आणि नंतर मातीने बेसिन तुंबले, तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खाली बादली ठेवून त्यांनी पाइपाचा वाकडा तुकडा स्वतः उघडला. आत शाडूचा लगदा घट्ट बसला होता. काउंटरमागच्या स्टुलावर त्यांचा मुलगा गृहपाठ करत होता आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिले ते फक्त 'जुना टॉवेल दे' म्हणण्यापुरते. गृहस्थ नाराज नव्हते, हेही सांगते; त्यांना ते काम आवडत होते. तुम्हाला आवडेल का, याचा शोध तुम्ही अजून घेतलेला नाही.

फ्रँचायझी म्हणजे चालता धंदा विकत घेणे आणि जोखीम मोठ्या कंपनीकडे सोपवणे, हा समज तुमच्या आखणीमागे दिसतो आणि तो मुळातूनच चुकीचा आहे. तुम्ही विकत घेता ते नाव, अभ्यासक्रम आणि ठरावीक मुदतीपुरती ते वापरण्याची परवानगी. भाडे, पगार, रिकाम्या बॅचेस आणि तुंबलेले बेसिन तुमचेच राहते. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दल कंपनीला सतत द्यायचा हिस्सा, साधारणपणे जमा झालेल्या फीवर आकारली जाते. नफा झाला की नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे तोट्याच्या महिन्यातही ती द्यावीच लागते. अमेरिकेत करारावर सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला सविस्तर माहितीचा दस्तऐवज द्यावाच लागतो आणि त्यात नुकत्याच सोडून गेलेल्या केंद्रचालकांची संपर्कासह यादीही असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तुमचे नाते मुख्यतः 1872 च्या करार कायद्यावर आणि तुम्ही ज्यावर सही करता त्या कागदावर उभे राहते. म्हणून बंद पडलेल्या केंद्रांची नावे तुम्हालाच मागावी लागतील. जी कंपनी ती देण्यास टाळाटाळ करते आणि वर महिनाअखेरच्या सवलतीची घाई लावते, तिच्या नफ्याच्या तक्त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तो तक्ता 120 मुलांवर बेतलेला आहे. तुमचेच आकडे घेऊन मी तो 60 मुलांवर मांडून पाहिला. दरमहा 2,500 रुपयांप्रमाणे फी जमा होते 1,50,000. त्यावर 12 टक्के रॉयल्टी 18,000 आणि रॉयल्टीवरचा 18 टक्के जीएसटी 3,240. जागेचे भाडे 60,000, दोन शिक्षिकांचे मिळून 40,000, साहित्य मुलामागे 300 प्रमाणे 18,000, वीज, मदतनीस आणि किरकोळ खर्च 12,000. एकूण 1,51,240. म्हणजे साठ मुले नियमित येऊनही महिन्याला 1,240 रुपये खिशातून जातात आणि त्यात तुमचा स्वतःचा पगार कुठेच नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत राहिल्याने तुम्ही जीएसटी नोंदणी केली नाही, तर रॉयल्टीवर भरलेला कर परत मिळणार नाही. उलाढाल त्यापुढे गेली की नोंदणी करून फीवर कर आकारावा लागू शकतो आणि तसे झाले तर पालक पहिला प्रश्न विचारतील तो फी का वाढली, हाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे बॅचेस रोडावतात, ते मी यात धरलेलेच नाही.

जागेच्या करारातली विसंगतीही पाहा. कंपनीशी तुम्ही पाच वर्षांसाठी बांधले जाणार आणि जागेचा लिव्ह अँड लायसन्स मात्र 11 महिन्यांचा. बाराव्या महिन्यात मालकाने जागा मागितली तर 12 लाखांची सजावट भिंतींवरच सोडून यावी लागेल. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो 60 महिन्यांपर्यंत करता येतो. मालकाने मध्येच बाहेर काढू नये म्हणून त्याच्या बाजूचा लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता येणार नाही अशी अट, मागून घ्या. तुमच्या बाजूचा लॉक-इन शक्य तितका लहान ठेवा. पीएफला हात लावू नका. नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही संपतो, तेव्हा राजीनाम्याआधी कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी घेऊन ठेवा, कारण पंचेचाळिशीनंतर आधीच्या आजारांचा खर्च विम्यातून मिळू लागण्यापूर्वीचा प्रतीक्षाकाळ जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

नोकरी सोडू नका, असे मी म्हणत नाही. 21 वर्षांनंतर माणसाला बदल हवासा वाटतो आणि तो प्रामाणिक असू शकतो. पण ती सवलत जाऊ द्या. मुलीची परीक्षा होईपर्यंत घरात या केंद्राचा विषय काढू नका, हे मी आग्रहाने सांगते. परीक्षा संपल्यावर दोन आठवड्यांची रजा घ्या आणि आपल्याच सोसायटीच्या सभागृहात 15-20 मुलांचा दहा दिवसांचा समर कॅम्प स्वतः घ्या. ब्रँडचे नाव न लावता, एका अनुभवी कलाशिक्षिकेला मानधन देऊन. पैशाचा हिशेब ठेवाच, पण रोज रात्री घरी आल्यावर तुम्ही मुलीशी किती वेळ बोललात, हेही लिहून ठेवा. त्याच सुमारास याच कंपनीच्या नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या दुसऱ्या शहरातल्या केंद्रचालकाला भेटा. तुमच्याच भागातला चालक तुम्हाला स्पर्धक समजेल आणि मोकळेपणाने बोलणार नाही. आणि वेळ हाच खरा प्रश्न असेल, तर नऊऐवजी सातला घरी पोचवणारी भूमिका आहे त्याच कंपनीत किंवा दुसरीकडे, थोडा कमी पगार घेऊन, मिळते का, हे तुम्ही कधी विचारून पाहिले आहे? पत्रात तसा उल्लेख नाही. 22 लाख घालण्याआधी तो एक अर्ज करून पाहण्यास काहीच खर्च नाही.

राहिली शाखा. बारावीनंतर बीएफए करायचे असेल तर राज्याची कला सीईटी, डिझाइनकडे जायचे असेल तर यूसीड किंवा एनआयडीची परीक्षा, आणि या दोन्हींसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. आर्किटेक्चरचा विचार असेल तर मात्र गणित आणि भौतिकशास्त्र हवे आणि नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासूनचे आहे आणि 2023 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सुट्टीत तिला ते एकदा दाखवून आणा, केंद्राचा विषय न काढता. तिला चित्रकला हा पेशाच नको असेल आणि ती फक्त रविवारी दुपारी एकटीने करायची गोष्ट असेल, तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा. कोणती शाखा तिला पेलेल, हे मी तुम्हाला सांगणार नाही. परीक्षा झाली की तिला स्वतःला पत्र लिहू द्या, तुम्ही ते आधी वाचायला मागू नका, आणि उत्तर मी तिच्याच नावाने पाठवीन.