धातूवर साचवलेला अमॉर्फस बर्फ नेमक्या किती तापमानाला स्फटिक होतो?

"नेमक्या" हा शब्द वाचून लॅबमधल्या एका सिनियरशी माझं जे वाजलं होतं ते आठवलं, अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून लिहितेय.

असा एक आकडा नाहीच. १०० केल्विनच्या धातूवर वाफेचा रेणू आदळला की पडला तिथेच चिकटतो, शेजाऱ्यांशी जुळवून घेऊन जाळी बांधायला त्याच्याकडे ऊर्जाच नसते, म्हणून बर्फ अमॉर्फस, म्हणजे विस्कळीत रचनेचा. मग तापवत नेलं की कुठेतरी स्फटिकाचं बीज पडतं आणि वाढत जातं, आणि याला वेळ लागतो. १४० केल्विनला धरून ठेवलंत तर वाट बघत बसाल, १६० च्या जवळ गेलात तर झटक्यात उरकतं. १३६ हा आकडा सगळीकडे दिसतो तो ग्लास ट्रान्झिशनचा, म्हणजे काचेसारखा गोठलेला पदार्थ मऊ पडू लागण्याचा, स्फटिक होण्याचा नव्हे, आणि त्यावरसुद्धा लोक भांडतात.

मी प्लॅटिनम (१११) वर, म्हणजे प्लॅटिनमच्या स्फटिकाच्या एका ठरावीक पृष्ठभागावर, काम करायचे. चेंबर बेक करून, व्हॅक्युम १०⁻¹⁰ टॉरपर्यंत (टॉर हे दाबाचं एकक) आणून, बर्फ साचवायचा आणि ठरावीक वेगाने तापवत मास स्पेक्ट्रोमीटरवर १८ चा, म्हणजे उडणाऱ्या पाण्याच्या रेणूंच्या वस्तुमानाचा, सिग्नल बघायचा, या पद्धतीला टीपीडी (टेम्परेचर प्रोग्रॅम्ड डिसॉर्प्शन) म्हणतात. चढत्या बाजूला मला दर वेळी एक टेंगूळ दिसायचं, सिग्नल चढता चढता जरा बसायचा आणि परत चढायचा. सिनियर म्हणाले थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारांचा) वेल्ड सैल आहे, ग्राफ स्मूद कर आणि पुढे जा. मी वेल्ड दोनदा नवीन केला, टेंगूळ जागच्या जागी. मग रात्री बसून तीच फिल्म साचवली, थोडा वेळ १५५ ला नेली, परत १०० च्या खाली आणली आणि तोच रॅम्प, म्हणजे त्याच वेगाने तापवणं, चालवला, तर टेंगूळ गायब! वेल्ड तोच, वेग तोच. वेल्डचा दोष असता तर या वेळीही दिसायला हवा होता ना? अमॉर्फस बर्फातून रेणू जास्त वेगाने उडतात, स्फटिक झाला की उडण्याचा वेग एकदम पडतो, ते टेंगूळ म्हणजेच स्फटिक होण्याचा क्षण. दुसऱ्या दिवशी दोन्ही ग्राफ टेबलावर ठेवले. त्यांनी नीट बघितलेसुद्धा नाहीत, आणि मीटिंगमध्ये स्मूद केलेलाच ग्राफ गेला. आपल्याला मोजायची होती तीच गोष्ट पुसून टाकली होती, हे मला आजही सहन होत नाही.

बरं त्यात नवीन काही नव्हतंच. १९९७ मध्ये स्मिथ आणि के यांच्या गटाने बर्फाच्या थराखाली कार्बन टेट्राक्लोराइड दाबून ठेवला होता, बर्फ स्फटिक होताना त्याला तडे गेले आणि तो सगळा एका दमात बाहेर आला. त्याला ते मॉलिक्युलर व्होल्कॅनो म्हणाले. एवढा ठळक बदल थर्मोकपलवर कसा ढकलता येतो?

पण प्लॅटिनमवर आणखी एक भानगड आहे. अमॉर्फस फिल्म धातूभर सपाट पसरलेली असते, स्फटिक झाली की ती गोळा होऊन तिचे ढीग होतात आणि मधे उघडा पडतो तो पाण्याचा पहिला, एका रेणूइतक्या जाडीचा थर. तो धातूला इतका घट्ट धरून असतो की वर हायड्रोजन बंधांसाठी मोकळं काही उरत नाही, म्हणजे पाण्याचाच थर पाण्याला नको म्हणतो. २००५ मध्ये किमेल या संशोधकाने आणि मंडळींनी पृष्ठभागावर क्रिप्टॉन वायू चिकटवून हे दाखवलं. त्यामुळे टेंगळाचा काही भाग या गोळा होण्याचाही असतो, हे मी तेव्हा धरलं नव्हतं. आणि वाफ तिरकी किंवा सगळीकडून सोडली असेल तर फिल्म सच्छिद्र होते, मग आकडे अजून सरकतात. फिल्म अगदीच पातळ असेल तर स्फटिक व्हायच्या आतच बरीचशी उडून जाते, तिथे माझी युक्ती चालणार नाही.

तुमच्याकडे ग्राफ असेल तर स्मूद करायच्या आधीचा डेटा वेगळा ठेवा, आणि कोणी सैल वेल्ड म्हणालं तर आधी स्फटिक करून घेतलेल्या फिल्मवर तोच रॅम्प त्यांच्यासमोर चालवा. मी तो रात्री एकटीने चालवला होता, समोर बसवून चालवायला हवा होता.