जळगावात हिवाळ्यात फुलणारं हेदर लावता येईल का?

थंडीत फुलणारं हेदर, म्हणजे एरिका कार्निया, हे आल्प्सच्या डोंगरातलं झुडूप. बाकीच्या बहुतेक हेदरांना आम्लधर्मी माती लागते, हे मात्र चुनखडीही सोसतं. त्यामुळे आपल्या चुनखडीच्या मातीत जमेल असं वाटतं खरं, पण घोडं अडतं ते मे महिन्यात. ४४-४५ अंशांत ते तगणार नाही. शिवाय काळी माती पावसाळ्यात चिकट चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. या हेदरची मुळं बारीक असतात, ती यात टिकायची नाहीत. पैसे घालवू नका.

नर्सरीत ‘मेक्सिकन हेदर’ म्हणून मिळतं ते क्युफिया. ते हेदर नाहीच, आपल्या मेंदीच्या कुळातलं! बारीक पानं, फांदीभर चिमुकली जांभळी फुलं, उंची फूट-दीड फूट. माझ्याकडे ओट्याच्या कडेला आहे. काळी माती, शेणखत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घेऊन कुंडी भरा. संक्रांतीपर्यंत ऊन भरपूर द्या, मार्चपासून दुपारची सावली. पाणी तोडलं की रुसतं, पानं करपतात. पावसाळा सरताना शेंडे खुडा, म्हणजे दाट होतं.

आणि नुसता थंडीतला रंगच हवा असेल, तर सरळ शेवंती लावा की!