देव मानत नाही, तरी निसर्गापुढे हात जोडावेसे वाटतात. हे चूक आहे का? पुण्यात असं शांत वाटायला कुठे जावं?

मुळीच चूक नाही. याच गोष्टीवरून आमच्या घरात जुना वाद आहे, म्हणून लिहिते.

माझा मामा पुण्याजवळ वाघोलीला दगडाच्या खाणीवर मुकादम होता. एकदा सुरुंगाने काळा पाषाण फुटला आणि आतल्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांवर निळेशार गेंद निघाले. कॅव्हन्साइट नावाचं खनिज. जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं, त्यात वाघोलीचं फार नावाजलेलं. एक तुकडा मामाने मला दिला.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्याचा हा काळा पाषाण झाला तो लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढवले, तेही मिट्ट काळोखात. तो निळा रंग कोणी पाहावा म्हणून झालेलाच नव्हता! हे मामाकडून ऐकलं तेव्हा मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. त्या रात्री तो दगड मांडीवर घेऊन बसले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी तो देवघरात ठेवला. थोरले दीर म्हणाले, "हे रसायन आहे, याला कसली फुलं वाहतेस?" सासूबाईंचं उलटंच, "शास्त्र सांगून देवाचं देवपण घालवू नकोस." तेव्हा गप्प बसले. पण पंचायतनातला शाळिग्राम तरी काय आहे? गंडकीत सापडणारा अमोनाइटचा जीवाश्म. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्यातला हा जीव. हे कळल्यापासून मी त्याला जास्त मनापासून नमस्कार करते.

जागा विचारलीत, तर वेताळ टेकडी. रविवार सोडून भल्या पहाटे जा, जुन्या खाणीजवळ बसा. समोर तोच काळा पाषाण उभा कापलेला दिसतो. पावसाच्या सुरुवातीला नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. फोन खिशातच ठेवा. फोटो काढत सुटणाऱ्यांना तिथे काहीही मिळत नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि हो, टेकडीवरचे दगड उचलून आणू नका. झोप, जेवण पार उडालं असेल तर आधी डॉक्टरकडे जा, टेकडी नंतर.

दीर अजून तेच म्हणतात. त्यांनी मला एवढंच सांगावं, गंडकीचा दगड देवघरात चालतो, तर वाघोलीचा का नाही?