विचारा, सांगते : पेन अडलेल्या मुलीच्या हातात द्या

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, मी घरी शिवणकाम करते. रोज संध्याकाळी तिच्या तीन मैत्रिणी येतात आणि चौघी मिळून फिजिक्सची गणितं सोडवतात. अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत चालू असतं. आमची मुलगी त्यात पुढं आहे, म्हणून समजावून सांगायचं काम तिच्याकडंच येतं. परवा एकाच गणितावर तासभर गेला. ते तिच्याकडून मराठीत लिहून घेऊन पाठवते : २० सेंटिमीटर त्रिज्येची आडवी तबकडी मिनिटाला ६० फेरे घेते. केंद्रापासून ८ सेंटिमीटरवर ठेवलेलं नाणं घसरायच्या बेतात आहे. तर स्थितिक घर्षणाचा गुणांक किती? शेवटी हिनं स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट नेलं आणि त्यात रुपया ठेवून फिरवून दाखवला. शेजारच्या वहिनी म्हणतात, बोर्ड आहे, सीईटी आहे, ही दुसऱ्यांच्या पोरींना शिकवत बसली तर हिचा अभ्यास कधी व्हायचा? बंद करू का हे?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, बंद करू नका. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात माझी नोकरी गेली. मुलं कुठं अडतात आणि कशानं सुटतात, हे मी फळ्यापाशी उभी राहून पाहिलंय. तो तास वाया गेला असं वाटत असेल, तर त्या तासात काय घडलं असणार ते बघा.

या गणिताशी मुली साधारण तीन ठिकाणी अडतात. एक म्हणते, नाण्याचं वस्तुमान दिलेलंच नाही, गणित अपुरं आहे. दुसरी कोनीय वेगाच्या, म्हणजे सेकंदाला किती कोन फिरला त्या आकड्याच्या, जागी सरळ ६० घालते आणि उत्तर २९ च्या वर जातं. तिसरी तबकडीची २० सेंटिमीटर त्रिज्या घेते, तिचं उत्तर ०.८ येतं. बरोबर उत्तर ०.३२. गुणांक, म्हणजे पृष्ठभागाच्या पकडीचं माप, काढायचा तो असा : कोनीय वेगाचा वर्ग गुणिले मीटरमधली त्रिज्या, भागिले जी (गुरुत्वीय त्वरण).

आता या तिघींना समजावायचं तर तुमच्या मुलीला काय काय करावं लागतं बघा. पहिलीला दाखवायचं की घर्षणबल आणि केंद्रगामी बल समान मांडले की वस्तुमान दोन्हीकडं येतं आणि उडून जातं, म्हणून ते दिलेलं नाही. दुसरीला सांगायचं की मिनिटाला ६० म्हणजे सेकंदाला एक फेरा, आणि एक फेरा म्हणजे दोन पाय रेडियन, ६.२८. शिवाय गुणांक २९ आला तेव्हाच हात थांबायला हवा होता, कारण धातूवर धातू घासताना तो साधारण एकच्या आतबाहेर असतो. तिसरीला पटवायचं की नाण्याला तबकडी किती मोठी आहे याच्याशी देणंघेणं नाही, ते स्वतः फिरतंय त्या वर्तुळाची त्रिज्या ८ सेंटिमीटर आहे. एकटीनं सोडवताना तुमच्या मुलीनं सूत्रात आकडे घातले असते, ०.३२ लिहिलं असतं आणि पान उलटलं असतं. यातला एकही प्रश्न तिला पडला नसता.

आणि ते ताट! हमखास कुणीतरी विचारलं असणार : घर्षण गतीच्या विरुद्ध असतं ना, मग इथं केंद्राकडं कसं? हा फार चांगला प्रश्न आहे. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. नाणं ताटावरून बाहेरच्या बाजूला सरकू बघतं, म्हणून घर्षण आत ओढतं. ताट जोरात फिरवलं की रुपया कडेकडं जातो, हे चौघींनी डोळ्यांनी पाहिलं. परीक्षेत हाच प्रश्न दोन मार्कांना कारणासकट विचारला, तरी त्या चौघी अडणार नाहीत.

एक गंमतही त्यांना सांगा. पायचा वर्ग ९.८७ आणि जी ९.८, जवळजवळ सारखेच. सेकंदाला एकच फेरा असेल तर दोन्ही एकमेकांत कटतात आणि उरतं चार गुणिले ०.०८. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. इथं तेही उघडावं लागत नाही. अशा जागा चौघींपैकी एकीला दिसतात आणि मग त्या सगळ्यांच्या होतात.

हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गात असंच सुरू केलं. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवायची, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नाला चुकायची. मग ते प्रश्न टाकत, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, नंतर शेजाऱ्याशी बोलायचं, नंतर पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठं अडलो होतो ते आठवत असतं, शिक्षकाला ते आठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

पण वहिनींचा मुद्दा अगदीच खोटा नाही. बसण्याची पद्धत बदलायला हवी. पहिली पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकीनं आपापल्या वहीत झटायचं. नंतर बोलायचं, पण पेन अडलेल्या मुलीच्या हातात राहील. तुमची मुलगी फक्त विचारेल : आकृती काढलीस का? नाण्यावर कुठली बलं आहेत? पेन तिनं स्वतःकडं घेतलं की बाकीच्या तिघी नुसत्या बघत बसतात. आणि सगळे धडे तिनंच सांगायचे नाहीत. प्रत्येकीनं एकेक धडा घ्यावा, म्हणजे तुमच्या मुलीलाही कधीतरी अडायला आणि विचारायला मिळेल. चौघीत हुशार ठरलेल्या मुलीला 'मला नाही कळलं' म्हणायची सवय राहत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. बैठक दीड तासाच्या पुढं नको. तेच गणित दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीनं, वही न बघता लिहायचं. तिथं हात अडला तर समजायचं की काल नुसतं ऐकलं होतं.

जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्रा झाली की प्रात्यक्षिकं आणि मग लेखी परीक्षा, दिवस कसे जातात कळत नाही. तेव्हा मागच्या प्रश्नपत्रिका तीन तास लावून सोडवा आणि वह्या अदलाबदल करून तपासा. दुसरीच्या वहीत राहिलेलं एकक चटकन दिसतं, आपल्या वहीत दिसत नाही. ७० मार्कांच्या पेपरात असे अर्धे-अर्धे मार्क बरेच गळतात.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र एकत्र अभ्यास करतो. गणित असं : वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली. १ गुणिले १० चा पाचवा घात पास्कल दाबाखाली तो २ लिटरवरून ४ लिटरवर प्रसरण पावला. आंतरिक ऊर्जेतला बदल किती? माझं उत्तर ३०० ज्यूल, त्याचं ७००. तो म्हणतो, केमिस्ट्रीच्या पुस्तकात सूत्रात अधिक चिन्ह आहे. दोन दिवस बोलणं बंद आहे.
– बारावीचा विद्यार्थी, बार्शी

उत्तर : आधी बोलायला लागा. उत्तर ३०० च आहे, पण तुझा मित्र पुस्तकाबद्दल खोटं बोलत नाही. फिजिक्समध्ये कार्य म्हणजे वायूनं केलेलं कार्य, म्हणून उष्णतेतून वजा. केमिस्ट्रीत कार्य म्हणजे वायूवर केलेलं, म्हणून अधिक. इथं वायू प्रसरण पावलाय, म्हणजे केमिस्ट्रीच्या रीतीनं कार्य उणे २०० धरायचं. ५०० अधिक उणे २००, पुन्हा ३००. त्यानं सूत्र एका विषयाचं घेतलं आणि चिन्ह दुसऱ्याचं. उत्तरपत्रिकेत सूत्राखाली 'कार्य वायूनं केलेलं' एवढं लिहायची दोघांनी सवय लावा. लिटरचे घनमीटर तुम्ही दोघांनीही बरोबर केलेत, नाहीतर कार्य हजारपट आलं असतं. तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं.

प्रश्न : वर्गातला मित्र रोज व्हॉट्सअॅपवर सोडवलेल्या गणितांचे फोटो मागतो. नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरतो का?
– विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. त्याला म्हण, तू जिथपर्यंत आलास त्याचा फोटो आधी पाठव, अर्धवट असला तरी चालेल. तो आला की त्याची अडलेली ओळ तुला दिसेल, मग तेवढी एकच ओळ लिहून पाठव, पुढचं त्याला करू दे. त्यानं काहीच पाठवलं नाही, तर निदान आकृती काढून पाठव म्हणावं. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र अट घालू नकोस. त्या वेळी शिकवायला सवड नसते. सगळ्या पायऱ्या नीट दिसतील असा फोटो काढ आणि पाठवून दे.