एक्सेलच्या पडद्यावरची गर्दी

प्रश्न : सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या स्टोअरचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. रोज लागणारी बटणे जेमतेम आठ-दहा. पण वरची पट्टी चिन्हांनी खच्चून भरलेली असते. 'रॅप टेक्स्ट' दाबायला जावे आणि त्याखालचे 'मर्ज अँड सेंटर' दाबले जावे, असे वारंवार होते आणि मग मालाच्या यादीचे सॉर्टिंग अडते. नको असलेली बटणे काढता येतील का? याच संगणकावर दुसऱ्या पाळीतील सहकारीही बसतात, त्यांची अडचण होता कामा नये.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सॉर्टिंग अडते याचे कारण, 'मर्ज अँड सेंटर'ने शेजारचे सेल (चौकटी) एकत्र होतात, आणि असे एकत्र केलेले सेल सारख्या आकाराचे नसले तर एक्सेल ओळींचा क्रम लावण्यास नकार देते. तेव्हा आपली तक्रार केवळ दिसण्यापुरती नाही. मात्र रिबनवरील, म्हणजे बटणांच्या त्या वरच्या पट्टीवरील, मूळ गटातून एखादेच बटण काढता येत नाही. काढायचा तर संपूर्ण गट काढावा लागतो. म्हणून काढण्यापेक्षा आपल्याला हवे तेवढे वेगळे मांडून घेणे सोयीचे ठरते.

आठवडाभर एका कागदावर, कोणते बटण किती वेळा दाबले याची खूण करत जावी. (स्मरणावर विसंबू नये, हातांच्या सवयी आपल्यालाच ठाऊक नसतात.) त्यातून जी आठ-नऊ बटणे निघतील, उदाहरणार्थ फिल्टर, फ्रीझ पेन्स, त्यांवर एकेक करून उजवी क्लिक करावी आणि ती 'क्विक ॲक्सेस टूलबार' या आपल्या पसंतीच्या बटणांच्या छोट्या पट्टीवर घ्यावीत. यातील पहिली नऊ बटणे ऑल्ट आणि १ ते ९ या आकड्यांनी चालतात, त्यामुळे माउसकडे हात न्यावा लागत नाही. त्यानंतर कंट्रोल आणि एफ १ दाबले की रिबन मिटते, टूलबार तेवढा उरतो. पुन्हा तेच दाबले की रिबन परत येते.

आपोआप आवराआवर करण्याचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. एक्सेल ज्याचा भाग आहे त्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००० या आवृत्तीत क्वचित वापरलेल्या आज्ञा मेनूतून स्वतःहून लपत असत. काल जिथे होती तिथे आज आज्ञा सापडत नसे, आणि वापरणारे वैतागत. ऑफिस २००७ मध्ये रिबन आली, पण तिची मांडणी ऑफिसमधूनच बदलण्याची सोय २०१० च्या आवृत्तीत मिळाली. माझ्या मते फरक एवढाच आहे, की लपवण्याचा निर्णय आपण घेतला असेल तर वस्तू कुठे ठेवली हे आपल्या लक्षात राहते. कपाट आवरणारे दुसरेच कोणी असेल, तर आपलाच चष्मा आपल्याला सापडत नाही.

सहकाऱ्यांचे म्हणाल, तर हे बदल विंडोजच्या त्या-त्या खात्यापुरते साठवले जातात. दोन पाळ्यांसाठी दोन खाती केली, की दोघांच्या मांडण्या वेगळ्या राहतील. आपण एक्सेलऐवजी लिबरऑफिस हा मोफत संच वापरत असाल, तर 'व्ह्यू'मधील 'यूजर इंटरफेस'मध्ये एकाच पट्टीची साधी मांडणीही निवडता येते.

मांडणी पक्की झाल्यावर 'ऑप्शन्स'मधील 'कस्टमाइझ रिबन'मध्ये जाऊन ती एक्स्पोर्ट करावी आणि ती फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. 'रीसेट'मधून सर्व बदल पुसले, की रिबनबरोबर टूलबारही मूळपदावर जातो, आणि संगणक बदलल्यावर तर सगळेच नव्याने मांडावे लागते. अशा वेळी हीच फाइल इम्पोर्ट केली, की आठवडाभराची मेहनत मिनिटात परत मिळते.